डर्ट बाइक, ए.टी.व्ही. (खडबडीत वाटेवरची चार चाकांची बाइक) आणि जुन्या जीपचा कार्बोरेटर: गळती आणि आग टाळून दुरुस्ती कशी करायची

कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) साफ करून झाला, गाडीवर चढवला, पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) उघडला आणि लगेच किक मारली. गळतंय का ते इंजिन चालू झालं की बघू, असा हिशेब. हाच क्रम मी इतक्या जणांना करताना पाहिला आहे की शेवटी सगळं लिहून काढायचं ठरवलं. गळती तपासायची ती इंजिन थंड असताना, बॅटरी सुटी असताना आणि शक्य असेल तर कार्बोरेटर गाडीपासून दूर टेबलावर असताना. स्टार्टर ही सर्वांत शेवटची पायरी. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती बांधलेले आहेत, म्हणून त्यांची अदलाबदल करू नका.

पेट्रोलबद्दल दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतो, म्हणजे कितीही थंडी असली तरी सांडलेल्या पेट्रोलवर पेटू शकणारी वाफ असतेच. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते, दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते.

टप्पा १: जागा

काम उघड्यावर करा, सावलीत, जमीन सपाट असेल तिथे. आतच करावं लागणार असेल तर समोरासमोरची दारं उघडी हवीत आणि वारा जमिनीलगत खेळता हवा. वरच्या खिडकीचा इथे फारसा उपयोग नाही. गाडीखाली शिरण्यासाठी केलेला खड्डा या कामासाठी सर्वांत वाईट जागा, कारण वाफ तिथेच जाऊन बसते.

आता गुडघ्यावर बसा आणि जमिनीच्या पातळीवरून चौफेर बघा. गॅसचा गीझर, फ्रिज, एअर कॉम्प्रेसर, बॅटरी चार्जर, ग्राइंडर, ड्रिल, पंखा, जमिनीजवळचा विजेचा बोर्ड. ही सगळी ठिणगीची ठिकाणं आहेत. काही आपोआप चालू-बंद होतात, त्यामुळे तुम्ही हात न लावताही ठिणगी पडू शकते. ती आधीच बंद करा. पेट्रोलची वाफ पसरल्यावर बटण दाबून बंद करायला जाऊ नका, बटणातसुद्धा ठिणगी पडते. वाफ बाहेर घालवण्यासाठी टेबल फॅन लावणं हीदेखील त्यातलीच चूक.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सायलेन्सरच्या बेंड पाइपवर हाताची मागची बाजू आरामात टेकवता आली पाहिजे. नुकतीच चिखलात पळवलेली गाडी असेल तर किमान एक तास थांबा. बेंड पाइपवर चिकटून वाळलेला चिखल उष्णता धरून ठेवतो.

टप्पा २: हाताशी काय हवं

- द्रव इंधनाच्या आगीवर चालणारं अग्निशामक: कोरड्या पावडरीचं ए.बी.सी. प्रकारचं, किमान २ किलोचं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन गंजलेली नाही ना, ते बघून घ्या.
- पेट्रोल झेलायला रुंद, उथळ पत्र्याचा ट्रे आणि ओतून ठेवायला घट्ट झाकणाचा, इंधनासाठीच बनवलेला कॅन. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, उघडा मग चालणार नाही.
- सीलबंद एल.ई.डी. टॉर्च.
- नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, अंगात सुती कपडे.
- फडक्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा.
- नवीन बाऊल गॅस्केट (कार्बोरेटरखालच्या, पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या जोडातलं सील), नीडल-सीटचा संच (वाटीतला फ्लोट, म्हणजे तरंगता भाग, वर आला की पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक), होज (रबरी नळी) आणि क्लिपा. सुटे भाग येण्याआधी कार्बोरेटर उघडू नका. अर्धवट उघडून आठवडाभर पडलेला कार्बोरेटर आणि त्याला जोडलेली भरलेली टाकी, इथूनच भानगडी सुरू होतात.

ट्रेबद्दल थोडं अधिक सांगतो. एका जुन्या जीपचा कार्बोरेटर सोडताना मी खाली ट्रेऐवजी जाड फडकं अंथरलं होतं. थेंब फडक्यात जिरत राहिले आणि खाली काही दिसत नाही म्हणून मला वाटलं गळणं थांबलं. फडकं उचललं तेव्हा पिळता येईल इतकं भिजलेलं होतं, आणि तारेला लटकवलेला बल्ब त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. फडकं गळती लपवतं, ट्रे गळती दाखवतो. लटकता बल्बही त्या दिवसापासून बंद केला. गरम काचेवर पेट्रोलचा थेंब पडला की काच तडकते आणि आतली लालबुंद तार उघडी पडते.

भडका उडालाच तर: हे आत्ताच ठरवून ठेवा

अग्निशामक गाडीला टेकवून ठेवू नका. तुम्ही आणि बाहेर जायचा रस्ता यांच्यामध्ये, चार-पाच पावलांवर ठेवा. पेटत्या गाडीवरून हात घालून ते घ्यायची वेळ येता कामा नये.

आग लहान असेल आणि कॉक हाताला लागत असेल तर बंद करा. पिन ओढा, नळी ज्वालांच्या बुडाशी रोखा, दाबा आणि आडवी फिरवा. लहान अग्निशामक दहा-बारा सेकंदांत संपतं, त्यामुळे लांबून फवारून वाया घालवू नका. पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. पेटलेला ट्रे किंवा कार्बोरेटर उचलून बाहेर फेकायला जाऊ नका, पेटतं पेट्रोल अंगावर येतं. जीपच्या बॉनेटखाली आग असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका. जेमतेम फट करा आणि त्यातूनच मारा, कारण हवा मिळाली की आग उसळते. एक अग्निशामक संपूनही आग राहिली, तर सगळं तिथेच सोडून बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

कपड्यांवर पेट्रोल सांडलं तर काम तिथेच थांबवा. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, मगच पुढे.

टप्पा ३: उघडण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा

धुण्याची घाई करू नका. मळलेलं इंजिन तुम्हाला गळतीचा माग सांगतं. गरम ॲल्युमिनियमवर पडलेलं पेट्रोल उडून जातं, ओल दिसतच नाही. पण पेट्रोल जिथून ओघळतं तिथली धूळ धुतली जाते आणि धुळीने भरलेल्या इंजिनावर एकच स्वच्छ, चकचकीत पट्टा उमटतो. गळती जुनी असेल तर त्याच्या कडेला तपकिरी, चिकट डाग असतो. तो पट्टा बोटाने वर-वर शोधत न्या. सर्वांत वरचं टोक जिथे, गळती तिथे.

- ओव्हरफ्लो नळीतून (वाटी ओसंडली की जादा पेट्रोल बाहेर सोडणारी नळी) पेट्रोल येत असेल तर नीडल, सीट, फ्लोट, नाहीतर वाटीतली उभी नळी.
- वाटीच्या जोडावर ओल असेल तर गॅस्केट.
- होजच्या तोंडाशी ओल असेल तर क्लिप किंवा तडकलेला होज.
- कॉकच्या दांड्याशी ओल असेल तर कॉकमधली रिंग.

इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइल पातळ झालं असेल, पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर नीडलमधून सुटलेलं पेट्रोल सिलिंडरमार्गे क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरलं आहे.

इशारा: अशा गाडीला किक किंवा सेल्फ मारू नका. ऑइल बदलल्याशिवाय आणि प्लग काढून सिलिंडर कोरडा झाल्याची खात्री केल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

टप्पा ४: बॅटरी, टाकी, वाटी, याच क्रमाने

१. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. पेट्रोलला हात लावण्यापूर्वी. पुढे होज काढताना पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी पडणार नाही.

२. टाकीचं झाकण एकदा उघडून पुन्हा लावा. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत दाब साठतो, आणि तो न सोडता होज ओढला की पेट्रोल पिचकारीसारखं तोंडावर येतं.

३. कॉक बंद करा. व्हॅक्यूमवर (चालू इंजिनाच्या हवेच्या ओढीवर) चालणाऱ्या कॉकला अनेकदा ‘बंद’ अशी खूणच नसते. ‘ऑन’वर ठेवला की इंजिन बंद असताना तो आपोआप पेट्रोल अडवतो, मात्र ‘प्राइम’वर राहिला तर सतत वाहत राहतो. जीपला कॉक नसेल तर टाकीकडून येणारा होज काढल्याबरोबर बुचाने बंद करा.

४. ओव्हरफ्लो नळीचं टोक कॅनमध्ये घाला आणि वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करा. वाटी रिकामी होऊ द्या.

तपासणी: वाटी रिकामी झाल्यावर दोन मिनिटं थांबा. नळीतून थेंब येतच राहिले तर कॉक पेट्रोल अडवत नाही. टाकी रिकामी करूनच पुढे जा. तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. फुप्फुसात गेलेलं थोडंसं पेट्रोलही गंभीर इजा करतं. कोणी गिळलंच, तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या.

टप्पा ५: उतरवणं

कुठली नळी कुठे जाते याचे फोटो काढा. होज जोर लावून ओढू नका, आधी थोडा फिरवून सुटा करा. जीपच्या धातूच्या पेट्रोल पाइपवर दोन पाने वापरा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर पाइप पिळला जाऊन चिरतो. मिकुनी आणि केहिनच्या कार्बोरेटरांवर सहसा जपानी मापाचे फुलीचे स्क्रू असतात. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. डोकं खाल्लेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही, मग तिथूनच गळती.

टप्पा ६: सफाई

कार्ब क्लीनरचा फवारा पेट्रोलइतकाच ज्वालाग्राही समजा. तो बंद खोलीत वापरायचा नाही, गाडीवर बसलेल्या गरम इंजिनावर तर नाहीच. फवारण्याआधी रबराचं सगळं बाहेर काढा. ओ-रिंग, गॅस्केट, नीडलचं टोक त्याने फुगतं.

क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कार्बोरेटरला वापरू नका. असा भाग नंतर वेल्डिंगच्या किंवा अति तापलेल्या पृष्ठभागाच्या संपर्कात आला तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो.

दाबाची हवा मारायची असेल तर कॉम्प्रेसर दूर ठेवून लांब होज वापरा. हवेने उडालेलं पेट्रोल धुक्यासारखं पसरतं आणि ते धुकं साचलेल्या पेट्रोलपेक्षा सहज पेटतं. म्हणून आधी भाग निथळू द्या, मग हवा मारा, डोळ्यांवर गॉगल असू द्या. फ्लोट बसवलेला असताना हवा कधीच मारू नका. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) पोलादी तार घालू नका.

एअर फिल्टरचा फोम पेट्रोलमध्ये धुण्याची सवय फार पसरलेली आहे. ती सोडा. फोमचे जोड सुटतात आणि वाळलेला वाटणारा फोमही वाफ धरून ठेवतो. पहिल्याच बॅकफायरला (इंजिनातली ज्वाला उलटी कार्बोरेटरकडे येते तेव्हा) तो पेटू शकतो.

टप्पा ७: नीडल, सीट आणि फ्लोट

खडबडीत रस्त्यावरच्या गाडीची गळती बहुतेक वेळा इथेच सापडते. धक्क्यांनी नीडल सीटवर सतत ठोकली जाते, आणि कॉकच्या जाळीतून निसटलेला धुळीचा एक कण सीटवर बसला तरी पेट्रोल थांबत नाही.

नीडल बोटांत धरून टॉर्चच्या उजेडात हळूहळू फिरवा. शंकूच्या आकाराच्या टोकावर गोल कडं उमटलेलं दिसलं, नखाला खाच लागली, तर नीडल गेली. ती पुसून परत बसवू नका. नीडल आणि सीट शक्यतो जोडीनेच बदला. जुन्या सीटवर नवी नीडल पुष्कळदा महिन्याभरात पुन्हा गळते. सीट स्क्रूने किंवा पट्टीने बसवलेली असेल तर तिच्या बाहेरची ओ-रिंगसुद्धा बदला. नीडल नवीन आणि गळती कायम, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा तीच असते.

फ्लोटची पिन काढताना ज्या बाजूला डोकं नाही त्या बाजूने ढकला. हातोडी मारू नका, पिन धरणारे खांब मोडतात आणि मग कार्बोरेटरच बदलावा लागतो.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटका आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, चीर असेल तिथून बुडबुडे येतील. पाणी चुलीपासून दूर आणून मगच बुडवा.

इशारा: आत पेट्रोल असलेल्या पितळी फ्लोटला डाग देऊ नका. डाग द्यायच्या कैयाची (तापवलेल्या लोखंडाची) उष्णता लागताच तो फुटू शकतो. माझं मत स्पष्ट आहे, फुटका फ्लोट दुरुस्त करू नका, नवीन घ्या.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर तिरका धरा, म्हणजे फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगवाल्या पिनला जेमतेम टेकेल. पूर्ण उलटा धरला तर फ्लोटच्या वजनाने स्प्रिंग दबते आणि माप चुकतं. किती मिलिमीटर हवं ते तुमच्या कार्बोरेटरच्या पुस्तिकेतून घ्या. दुसऱ्या मॉडेलचं माप लावू नका, एका मिलिमीटरनेही वाटी ओसंडू शकते.

वाटीच्या आतली उभी ओव्हरफ्लो नळी कोणी बघत नाही. ती बारीक चिरलेली असेल तर नीडल कितीही चांगली असो, पेट्रोल खाली येतंच. सुटी वाटी हातात धरून नळीच्या तोंडाच्या किंचित खालपर्यंत रॉकेल किंवा डिझेल भरा आणि दहा मिनिटं खालचं तोंड बघा. कोरडं राहिलं पाहिजे.

बाऊल गॅस्केटवर सिलिकॉन फासू नका. पेट्रोलने ते फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. गॅस्केट नवीन, खाच स्वच्छ, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळलेले, एवढं पुरे.

टप्पा ८: टेबलावरची चाचणी

बहुतेक जण वगळतात तो हा टप्पा. वीस मिनिटं लागतात, पण यात गळती सापडली तर ती ट्रेमध्ये सापडते, गरम बेंड पाइपवर नाही.

आधी कोरडी चाचणी. कार्बोरेटर उलटा करा, पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नवी नळी लावा आणि अगदी हलकं फुंका. हवा जाता कामा नये. सरळ करून फुंका, हवा जायला हवी.

मग ओली चाचणी, उघड्यावर. कार्बोरेटर ट्रेमध्ये पातळीत उभा करा. गाडीवर तो जसा बसतो तसाच, तिरका नको. तिरका ठेवला तर चांगला कार्बोरेटरही ओसंडतो आणि तुम्ही विनाकारण नीडलला दोष देता. पेट्रोलची लहान सहायक टाकी हातभर उंचीवर टांगून नळी जोडा आणि सोडा. वाटी भरली की प्रवाह थांबला पाहिजे. पंधरा मिनिटं बघा: ओव्हरफ्लोचं तोंड, वाटीचा जोड, ड्रेन स्क्रू, इंधनाचं तोंड. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीला दोन-तीन हलके ठोके द्या, पुन्हा बघा.

तपासणी: पंधरा मिनिटांत एकही थेंब नाही. एक थेंब पडला तरी टप्पा ७ वर परत जा. नंतर बसेल आपोआप, असं म्हणून गाडीवर चढवू नका.

पेट्रोल पंप असलेल्या जीपमध्ये नीडलवर टांगलेल्या टाकीपेक्षा जास्त दाब येतो, म्हणून तिथे ही चाचणी उत्तीर्ण झाली तरी टप्पा ११ मध्ये डोळ्यांत तेल घालून बघा.

टप्पा ९: होज, क्लिपा आणि नळ्यांची वाट

होज दुमडून बघा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या, किंवा तो कडक लाकडासारखा झाला असेल, तर बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून इंधनासाठीच बनवलेला आणि इथेनॉल सोसणारा होज घ्या. पाण्याची पारदर्शक नळी काही आठवड्यांत कडक होऊन तोंडावरून निसटते. होज बेंड पाइपपासून लांबून न्या, धातूच्या धारेवर घासू देऊ नका, आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून कुठे ताणला जात नाही ना ते पाहा. प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर इंजिनाला टेकलेला नको.

ओव्हरफ्लो नळीचं तोंड फ्रेमच्या खाली, सायलेन्सरपासून दूर सुटलं पाहिजे. गाडी आडवी पडली की तिथून पेट्रोल येणारच, ते कुठे पडणार एवढंच तुमच्या हातात आहे. ब्रीदर (हवा येण्या-जाण्याच्या) नळ्यांची तोंडं चिखलाने बुजलेली नकोत.

टप्पा १०: गाडीवर, पण इंजिन बंद

कार्बोरेटर बसवा, एअर फिल्टर बसवा. बॅटरी अजून सुटीच. प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या टिश्यूचा तुकडा ठेवा आणि कॉक उघडा. व्हॅक्यूम कॉक असेल तर या चाचणीपुरता ‘प्राइम’वर, कारण ‘ऑन’वर पेट्रोल येतच नाही आणि खोटा दिलासा मिळतो. दहा मिनिटांनी टिश्यू एकेक करून उजेडात बघा. मग ‘प्राइम’वरून परत ‘ऑन’वर. हे विसरलात तर एका रात्रीत टाकी इंजिनात रिकामी होऊ शकते.

जीपमध्ये इंजिन फिरल्याशिवाय पंप पेट्रोल देत नाही. तिथे जोड हाताने हलवून पक्के झाल्याची खात्री करा. पहिल्या स्टार्टला एक माणूस बॉनेटजवळ अग्निशामक घेऊन उभा हवा.

टप्पा ११: पहिला स्टार्ट

टिश्यू, ट्रे, फडकी आणि पेट्रोलचा कॅन दूर न्या. सांडलेलं पुसा, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. मगच बॅटरी जोडा, निगेटिव्ह शेवटी. एअर फिल्टर न लावता कधीच सुरू करू नका. बॅकफायरची ज्वाला कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते, फिल्टर ती बऱ्याच अंशी अडवतो. सुरू होत नाही म्हणून तोंडात पेट्रोल ओतणं तर मुळीच नको.

पाच मिनिटं जागेवर चालवा, बंद करा, टॉर्चने बघा. मग छोटी, खडबडीत फेरी मारून या आणि पुन्हा बघा. थंड असताना कोरडे असलेले काही जोड गरम झाल्यावर आणि हादरल्यावरच बोलतात.

ओली फडकी झाकणाच्या डब्यात घालून बाहेर ठेवा, खोलीत नाही. काढलेलं घाण पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, कॅनमध्ये झाकून घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणी द्या.

रात्री कॉक बंद करून गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी कॉक उघडा, अर्धा तास जाऊ द्या आणि पुठ्ठा ओढून बघा. कोरा असेल तर गाडी बाहेर काढा. डाग असेल तर तो नेमका कशाच्या खाली आहे ते पाहा, निगेटिव्ह तार सोडा आणि टप्पा ३ पासून सुरू करा.